वाढली म्हणायचं

आमच्या दुकानात बांगडी कधी फुटली नाही.
वाढली.
चेंबूर कॅम्पात, चपलांच्या दोन दुकानांमध्ये चेपलेला
साडेचार फुटांचा गाळा,
आणि त्यात सत्तेचाळीस वर्षं
काहीही फुटलं नाही.

अण्णा डझन कानाशी धरून हलवायचे.
अकरा खळखळायच्या, एक बद्द.
डोळ्यांना न दिसलेली चीर
कानाने उचलून बाजूला ठेवायचे.
मग समोरच्या बाईचा पंजा दाबत:
हात सैल सोडा, ताई. सैल.

आता मी ट्रॉम्बेच्या टेकडीखाली काच वितळवते.
वाळू, बोरॅक्स, सोडा, थोडं बेरियम,
आणि सिझियम. खरं नव्हे, तोतया,
खऱ्याचा निरुपद्रवी जुळा भाऊ,
ज्याच्यावर आम्ही तालीम करतो.
साडेनऊशे अंशांवर सगळं एकजीव होतं.
नाही झालं, तर वर पिवळी साय धरते
आणि ती पाण्यात साखरेसारखी जाते.
साय दिसली की तुस्कानो सर चष्मा काढून पुसतात.
दोन वर्षं त्यांनी चष्मा पुसण्यात घालवली.

सोडा काचेचा हात सैल सोडतो.
तेवढा सोडावाच लागतो, नाहीतर ती वितळायची नाही.
फार सोडला, तर
जे तीनशे वर्षं मुठीत धरायचं
ते अठ्ठावीस दिवसांत देऊन टाकते.
परिषदेत मी हे असं सांगत नाही. तिथे आलेख असतो.

तीनशे वर्षांपूर्वी
माहीमहून वांद्र्याला जायला होडी लागायची.
आणि तीनशे फक्त सिझियमचे.
बाकीच्यांचा हिशोब मी घरी काढत नाही.

आईने विचारलं, तुमची काच घालतं कोण?
कोणीच नाही. कोणी हात लावू नये म्हणूनच ती.
रंग?
काळा. उजेडात धरला तर काकवीसारखा.
म्हणजे तान्ह्याच्या मनगटातली, ती म्हणाली,
दृष्टीची.
तिची चूक सुधारायला मी तोंड उघडलं
आणि चहा प्यायले.

अण्णा गेले तेव्हा मागच्या गल्लीतल्या बायका आल्या होत्या.
आईने त्यांना मनगटाला हात लावू दिला नाही.
मोरीत बसून, साबण लावून
एकेक उतरवली, अख्खी.
रुमालात बांधून माझ्याकडे दिल्या:
तुझ्या भट्टीत बघ, काही होतंय का.

भट्टीत बाहेरचं काही घालता येत नाही.
पण एक हिरवी मी कापली,
घासली, तोलली,
नव्वद अंशांच्या पाण्यात ठेवली
आमच्या सात नमुन्यांच्या शेजारी.
कच्च्या वहीत लिहिलं: नमुना शून्य.

एकोणतिसाव्या दिवशी
आमचे सहा होते जवळपास तितकेच.
बांगडीची चकाकी गेलेली, पाणी क्षारी,
वजनात घट. दशांशाच्या तिसऱ्या घरात,
पण घट.
आईला सांगितलं, तर म्हणाली,
मी असल्याच घालून चाळीस वर्षं भांडी घासली.

सातवा उचलला, ताटलीच्या कडेवर टेकवला हलकेच.
बद्द.
माझी कच्ची वही मराठीत असते.
पेन रकान्यात टेकलं आणि हात आपोआप लिहू लागला
वा
तिथेच थांबवला.
उद्या ही वही कोणाच्या हाती लागेल माहीत नाही.
त्याने वजन वाढलं की काय वाढलं
ते शोधत बसू नये.

खोडून लिहिलं: फुटली.
आमच्या घरात पहिल्यांदाच.

तुस्कानो सरांनी खाली सही केली.
सोडा अर्धा टक्का कमी, म्हणाले,
आणि सोमवारी भट्टी सातला लावा.